चौकटीतला खुलासा

आमच्या पेपरात प्रुफं तपासणाऱ्या काकूंची खोड एकच: चूक दिसली की जीभ आवरत नाही. हातात पडलेली लग्नपत्रिकासुद्धा आधी लाल पेनानं सुधारणार, मग लग्नाला जाणार! मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर पानं लावतो.

त्या रविवारी नऊ वर्षांच्या मुलीवरच्या अत्याचाराची बातमी आली. नाव बदललेलं, फोटो धूसर. वा! आणि खाली शाळा, इयत्ता, वर 'शाळेसमोरच्या कुलूपवाल्याची मुलगी'. मग झाकलं काय, कपाळ? काकूंनी ती ओळ खोडली. संपादकांनी परत घातली. "वाचकाला माणूस दिसला पाहिजे," म्हणे. शिसारी येते असल्या शहाणपणाची.

सोमवारी सकाळी काकूंनी छापलेला पेपर संपादकांपुढे आपटला. "लाज कोळून प्यायलात का? आणि ती त्याची मुलगीसुद्धा नाही, भाची आहे! एवढी तरी खात्री करायची!"

कुलूपवाला काकूंच्याच गल्लीत राहायचा. भाची लहानपणापासून त्याच्याकडे, त्याच्या लेकीच्याच वर्गात. भाचीवर काय गुदरलं, ते त्यानं गल्लीत एकट्या काकूंना सांगितलं होतं. पोर नुकतीच पुन्हा शाळेत जाऊ लागली होती.

संपादक वरमले नाहीत. "चूक असेल तर सुधारू की! तुम्हीच म्हणता ना नेहमी?" काकू तणतणत घरी गेल्या. त्यांना वाटलं, निदान माफी तरी छापतील.

मंगळवारी तिसऱ्या पानावर चौकट आली: 'पीडित मुलगी ही कुलूपवाल्याची कन्या नसून त्याच्याकडे राहणारी भाची आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' दिलगीर, मेले! ती चौकट मीच लावली होती. ठळक रेघ मारून, छान मधोमध. थू माझ्या जिण्यावर.

काकू धावत कुलूपवाल्याकडे गेल्या, मीही मागोमाग. दुकान बंद होतं. तो पायरीवर बसला होता.

"काल वर्गात सगळ्यांनी माझ्या लेकीला छळलं," तो म्हणाला. "पण 'मी नाही, ती' असं काही तिनं म्हटलं नाही, काकू. घरी येऊन मला म्हणाली, बाबा, तुम्हीपण सांगू नका."

काकू त्याच्या शेजारी पायरीवर टेकल्या.

"आज दोघी घरात बसल्यात," तो म्हणाला. "भाची तर दार उघडू देत नाही."