सातवी स्क्वाड्रन

कॅप्टन निखिल तारळेकर माझ्या कंपनीत आला तेव्हा आमची पलटण नियंत्रण रेषेवर होती. मी मेजर, कंपनी कमांडर. गाव उचगाव, घरची शेती. तो बेळगावच्या शहापूरचा, साड्या विणणाऱ्या घरातला. आम्ही दोघेही एकाच अकादमीतून पास आउट झालेलो, मी त्याच्या बराच आधी. त्यानं इंग्रजीत रिपोर्ट केला. मी गाव विचारलं. शहापूर म्हणाला. मी म्हटलं, मग चहा घे की. त्यानंतर ड्युटी सोडली तर आमचं बोलणं गावच्या भाषेतच व्हायचं.

पोस्टवरचं रुटीन लोकांना वाटतं तसं नसतं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यात सज्ज राहायचं, मग हत्यारांची सफाई, तारेची पाहणी, गस्त. पाणी खालून वाहून आणायचं. बर्फ पडला की उपसायचा. संध्याकाळी पुन्हा स्टँड-टू. निखिल कामाला चोख होता. ओझं उचलायची वेळ आली की ऑफिसर म्हणून मागं राहायचा नाही. एकच खटकायचं. तो रजा घेत नव्हता. घेतलीच तर अर्ध्यातून परत यायचा. मी दोनदा हटकलं.

तिसऱ्यांदा हटकलं तेव्हा आम्ही तारेची पाहणी करून परत येत होतो. दुपार होती. जवान पुढं गेले होते. तो म्हणाला, "सर, एक सांगायचं हाय. ऑफिशियल न्हाय."

मग त्यानं सरळ सांगितलं. घरी गेलं की त्याला मुली दाखवत. त्याचं माणूस निपाणीत होतं. नाव प्रसाद, गुरांचा डॉक्टर. शहापूरला तो मित्र म्हणून ओळखीचा होता.

मी चालत राहिलो. बाहेरचा कायदा तोवर बदलला होता. फौजेचा बदलला नव्हता. त्याची नोकरी जाऊ शकत होती आणि मी त्याचा कमांडर होतो. मी विचारलं, हे मला कशाला सांगतोस?

"काय झालं तर आर्मी आईला कळवील, सर. त्येला टीव्हीवरनं कळंल."

मी नंबर मागितला. त्यानं सांगितला तो मी फोनमध्ये 'गुरांचा डॉक्टर, निपाणी' म्हणून घातला. आमच्या घरी म्हशी आहेत, त्यामुळं कुणी काही विचारलं नसतं. त्यानंतर मी त्याला रजेवरून हटकलं नाही.

पुढं त्यानं सातव्या स्क्वाड्रनबद्दल सांगितलं. आमच्या अकादमीत कॅडेटांच्या सहा तुकड्या, त्यांना स्क्वाड्रन म्हणत. त्याच्यासारखे जे माजी कॅडेट एकमेकांना सापडत गेले, त्यांनी फोनवर एक ग्रुप केला आणि त्याला सातवी स्क्वाड्रन नाव दिलं. काही नोकरीत होते, काही सोडून बाहेर पडलेले. नोकरीतले खरं नाव वापरत नसत. कुणी फार खचला तर बाकीचे पाळीनं त्याला फोन करत. एकाला त्यांनी असं सांभाळून जगवलं होतं. निखिलची इच्छा मोठी नव्हती. माजी कॅडेटांच्या मेळाव्याला जसे बाकीचे बायकोला घेऊन येतात, तसं यांनी आपापल्या माणसाला घेऊन यावं आणि जेवावं. म्हणाला, "भाषण नको, काय नको. ताट घेऊन लायनीत उभं राहायचं. बस्स."

पावसाळा संपला आणि घुसखोरीच्या खबरा वाढल्या. त्या दिवशी सकाळची गस्त निखिलकडं होती. पुढं स्काऊट नाईक गावडे, खानापूर भागातला. मी पोस्टवर रेडिओजवळ होतो. नाल्याकडून फायर ऐकू आला. मग रेडिओवर निखिलचा आवाज आला. चार्ली म्हणजे आमची कंपनी.

"चार्ली, कॉन्टॅक्ट. नाल्याच्या डाव्या अंगाला दोघे. ओव्हर."

"कॅज्युअल्टी? ओव्हर."

"एक. गावडे. पायाला. उघड्यावर पडलाय. काढतोय. ओव्हर."

त्यानंतर बराच वेळ नुसता फायर. मी राखीव तुकडी उठवली. बूट बांधत असताना पुन्हा आवाज आला.

"चार्ली, गावडे आडोशाला आला. कॅज्युअल्टी आता दोन. ओव्हर."

"दुसरा कोण? ओव्हर."

"सेल्फ. ओव्हर."

आम्ही खाली पोचलो तेव्हा फायर थांबला होता. समोरचे दोघे पडले होते. गावडेच्या मांडीला पट्टी बांधलेली होती, ती निखिलनं बांधली होती. निखिलला बरगडीखाली, जॅकेटच्या प्लेटच्या खाली गोळी लागली होती. ढग खाली आले होते. हेलिकॉप्टर येणार नव्हतं. स्ट्रेचर उचललं. वाटेत तो बोलत होता. गावडेचं विचारलं. आईचं बोलला. मग म्हणाला, "सर, तेवढा फोन."

वरच्या चढावर त्याचं बोलणं थांबलं. पलटणीच्या डॉक्टरनं तपासलं आणि घड्याळ बघितलं.

आईला कळवायची पद्धत ठरलेली असते. बेळगावच्या लष्करी केंद्रातून ऑफिसर घरी जातात. ते घराकडं निघाल्याचं कळलं तेव्हा मी निपाणीचा नंबर लावला. प्रसाद कुठल्याशा गोठ्यात होता. मागं म्हैस ओरडत होती. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, थांबा, हात धुतो. पाण्याचा आवाज आला. मग म्हणाला, "सांगा." मी सांगितलं. त्यानं विचारलं, आक्काला, निखिलच्या आईला, कळलंय का. मी म्हटलं, आता कळत असेल.

"मी शहापूरला जातो, सर. तिथं कोण म्हणून जाऊ?"

मी म्हटलं, मित्र म्हणून. तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

पार्थिवासोबत एस्कॉर्ट म्हणून मला पाठवलं, कारण मी बेळगावचा. शहापुरात गल्लीच्या तोंडाशी एक बॅनर कन्नडमध्ये होता, एक मराठीत. दोन्हीवर तोच फोटो. मधे कोण पुढं यावरून थोडी ढकलाढकली झाली, पोलिसांनी मिटवली. प्रसाद दोरीच्या पलीकडं गर्दीत उभा होता. मी पोलिसाला सांगून त्याला आत घेतलं. त्यानं खांदा दिला, मित्र देतात तसा. सलामी झाली. घडी केलेला तिरंगा मी आक्काच्या हातात दिला. आक्काचं नाव सुमन तारळेकर. नवरा आधीच वारलेला. तिनं तिरंगा घेतला आणि तिला बसवलं तिथं बसून राहिली.

मला त्या दिवसांत काही वाटलं असं सांगता येत नाही. मी परत गेलो. टेन्युअर पूर्ण केलं. दुसरीकडं पोस्टिंग झालं. मग निवृत्ती घेऊन उचगावला आलो.

अकादमीच्या माजी कॅडेटांची बेळगावात एक शाखा आहे. मला तिचा सेक्रेटरी केलं. शाखेचं मुख्य काम वर्षातून एकदा. इथल्या भागातले जे कॅडेट कामी आले त्यांची नावं वाचायची, घरच्यांनी पुष्पचक्र वाहायचं, मग जेवण. आक्का दरवर्षी एकटी यायची. प्रसाद तिला रिक्षानं सोडायचा आणि गेटबाहेर थांबायचा.

गेल्या वर्षी उचगावच्या घरी तिघं जण आले. सातव्या स्क्वाड्रनचे. एक बंगळूरला नोकरी करणारा, एक कोल्हापुरात जिम चालवणारा, तिसरा अजून नोकरीत होता आणि त्यानं नाव सांगितलं नाही. माझ्या बायकोनं चहा दिला. त्यांना झेंडे लावायचे नव्हते, घोषणा नको होत्या. दोनच गोष्टी हव्या होत्या. स्मृतिदिनाला प्रसादनं आक्कासोबत पुष्पचक्र वाहावं. आणि त्यांच्यापैकी जे येतील त्यांनी आपलं माणूस आणलं तर कुणी अडवू नये.

मी ते कमिटीपुढं ठेवलं. निखिलचं नाव घ्यावं लागणार होतं, म्हणून आधी प्रसादला विचारलं. तो घ्या म्हणाला. कमिटीत एक कर्नल साहेब चिडले. हुतात्म्यांच्या दिवसात चळवळ आणू नका म्हणाले. जो गेला त्याच्या माघारी त्याच्याबद्दल काहीही बोललं जातंय, असंही म्हणाले. मी म्हटलं, त्यानं मला स्वतः सांगितलंय, पोस्टवर. अध्यक्ष ब्रिगेडियर साहेब वयानं मोठे. त्यांनी बराच वेळ पेन फिरवलं. म्हणाले, "नियम एकच आहे. पुष्पचक्र घरच्यांनी वाहायचं. घरचे कोण, हे त्याच्या आईनं सांगावं. तू विचारून ये."

ते काम सोपं नव्हतं. निखिलनं मला सांगितलेलं त्याच्या आईला सांगायचा मला अधिकार होता का, हे मला कळत नव्हतं. शहापूरला गेलो तेव्हा आक्का पॉवरलूमपुढं उभी होती. आवाजात बोलता येत नव्हतं. तिनं मला बघितलं आणि बटण बंद केलं. मी कार्यक्रमाचं बोलायला लागलो. तिनं मधेच तोडलं.

"निपाणीच्या पोरासाठी आलाय व्हय?"

"व्हय, आक्का."

ती तुटलेला धागा जोडत राहिली. म्हणाली, "दर ऐतवारी येतोय त्यो. माझं बीपीचं औषध आणतोय. तुझ्यासाठनं पोरगी बघूया म्हटलं की उठून पाणी प्यायला जातोय. निखिलबी असाच उठायचा." मग म्हणाली, "मला काय कळत न्हाय असं न्हाय. त्यानं सांगितलं न्हाय, म्हणून मीबी इचारलं न्हाय."

तिनं धाग्याची गाठ ओढून बघितली.

"त्येला माझ्या संगं घ्या. भावकीनं इचारलं तर सांगायचं, आक्काचा गुडघा धरलाय, हाताला कोणतरी पायजे."

मी बरं म्हटलं. तिनं बटण दाबलं.

कार्यक्रमाच्या सकाळी ब्रिगेडियर साहेबांनी विचारलं, माइकवर काय वाचणार? मी म्हटलं, घरचे. त्यांनी मान हलवली. निखिलची पाळी आली. मी वाचलं, "कॅप्टन निखिल तारळेकर. पुष्पचक्र वाहतील त्यांच्या मातोश्री सुमन तारळेकर आणि घरचे, डॉक्टर प्रसाद." आक्कानं त्याच्या दंडाला धरलं. दोघांनी पुष्पचक्र ठेवलं. परत येताना ती त्याच्या पुढं चालत होती.

कर्नल साहेब आणि आणखी एक जोडपं जेवायला थांबलं नाही. सातव्या स्क्वाड्रनचे चौघं आले, त्यातले दोघं आपापल्या माणसाबरोबर. नोकरीत असलेला तो तिसरा गेटबाहेर गाडीत बसून होता. नावं वाचून झाल्यावर गाडी निघून गेली. ज्यांनी ताटं घेतली ते लायनीत उभे राहिले. ब्रिगेडियर साहेबांच्या मिसेसनी त्यांच्यातल्या एकाच्या माणसाला विचारलं, तुम्ही काय करता? तो शाळेत शिकवतो म्हणाला. त्यांनी विचारलं, कुठला विषय? एवढंच झालं.

जेवण झाल्यावर आक्काला घरी सोडलं. प्रसादला मी निपाणीला सोडायला निघालो. संकेश्वर मागं पडलं. मग त्यानं विचारलं, "अण्णा, त्याला दुखलं का?"

"व्हय."

"लई?"

"व्हय."

त्यानं खिडकीची काच खाली केली. मग म्हणाला, तुम्ही तवा फोनवर हे सांगितलं न्हाय. मी म्हटलं, तू विचारलं न्हाईस. मग त्यानं विचारलं, पोस्टवर तो कसा होता?

मी आठवून सांगितलं. बर्फ उपसताना गाणं म्हणायचा, सुरात कधीच नाही. एकदा पोस्टवर केस कापायला कुणी नव्हतं, म्हणून त्यानं स्वतः कात्री घेतली आणि गावडेचं डोकं पार बिघडवलं. सगळे हसले. तेव्हा तो खाली बसला आणि गावडेला म्हणाला, आता माझे असेच काप. आठवडाभर दोघं तसेच फिरत होते.

प्रसाद म्हणाला, "त्या रजेत तसाच आलता. मी इचारलं तर म्हणाला, फौजेचा नवा कट हाय."

निपाणी आलं. तो उतरला. दार धरून म्हणाला, "अण्णा, आणि काय असलं तर सांगत जावा. मला त्याचं कुणी सांगत न्हाय."

मी सांगत आलो. जे आठवलं ते सगळं सांगितलं. आता माझ्याकडचं संपत आलंय, म्हणून गेल्या महिन्यात खानापूरहून गावडेला घेऊन निपाणीला गेलो. त्याला निवृत्ती मिळालीय, चालताना पाय ओढतो. प्रसादनं खुर्ची दिली. गावडेला सुरुवात कुठून करावी कळेना. शेवटी म्हणाला, "साहेबांनी मला वढून काढलं तवा लई शिव्या देत होते."

प्रसादनं विचारलं, "कुठल्या?"

गावडेनं माझ्याकडं बघितलं. मी सांग म्हटलं. त्यानं एकेक करून सगळ्या सांगितल्या.