तुडवलेली द्राक्षं

वडिलांच्याच मळ्यात मी तिकीट काढून द्राक्षं तुडवायला गेलो. दिंडोरीजवळची ती बाग मीच विकली होती. आता तिथे वाइनरी आहे, झोपाळे आहेत आणि सुट्टीला पुण्यामुंबईची माणसं येतात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी लाकडी टबात उतरलो. पायाखाली घड फुटू लागले, गार रस बोटांमधून वर आला आणि मला उगाचच भरून आलं. विकली म्हणून काय झालं, यंदाच्या वाइनमध्ये माझ्याही पायांचा वाटा असेल! शेजारी तुडवणाऱ्या अनोळखी बाईंना मी तसं सांगूनही टाकलं.

पाय धुऊन परत आलो, तर भागाबाई तो टब खताच्या खड्ड्यात ओतत होती. पूर्वी ती आमच्या बागेत छाटणीला यायची. आता वाइनरीत कामाला आहे.

मला चक्क फसवल्यासारखं वाटलं. समोर डोंगर तेच होते, वेलींच्या रांगा तशाच सरळ होत्या, फक्त माझ्यावाचून त्यांचं काही अडलं नव्हतं. सोडून गेलेल्या माणसालाच का वाटतं, मागच्यांनी आपल्यासाठी थोडं तरी अडून राहावं?

"भागाबाई, याची वाइन नाही करत?" मी विचारलं.

"दादा, बाग तुमची व्हती तवा कधी चिखलात पाय घातला नाही," ती टब खंगाळत म्हणाली. "आता त्या पायाचं पाणी लोकांनी प्यायचं व्हय?"