डब्यागणिक वाटीभर भाजी

आमच्या ह्यांना रिकाम्या डब्यांचा नाद. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षी लग्न होऊन मी कोपरीत आले, तेव्हा आमच्या दोन खोल्यांत घासलेटचे, बिस्किटांचे, वनस्पती तुपाचे इतके डबे होते की कुणी शिंकलं तर पुढचा पाव तास घर वाजत राही. "लागतो गं कधीतरी," हे म्हणत. त्या 'कधीतरी'ची मी वर्षानुवर्षं वाट पाहिली.

दुसरा नाद तळणाचा. भजी, वडे, पापड. ताटात हिरवं काही दिसलं की विंचू पाहिल्यासारखे मागे सरकत. पोट असं वाढलं की छत्री उघडली तरी पुढचा भाग भिजायचा! मी हसायचे. पण एका सकाळी स्टेशनचा पूल चढताना हे मध्येच कठडा धरून खाली बसले. लोकांनी धरून घरी आणलं, तेव्हा माझं हसू पळालं.

डॉक्टर म्हणाले, "तळलेलं बंद. रोज वाटीभर पालेभाजी. जमणार नसेल तर पुढच्या खेपेला मला बोलावू नका."

कढई मी त्याच दिवशी शेजारी देऊन टाकली. पण भाजी गळ्याखाली कोण उतरवणार? चार दिवस हे रडले, रुसले. पाचव्या दिवशी गल्लीत भंगारवाल्याची आरोळी आली आणि डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, ऐका. वाटी चाटूनपुसून संपली तर डबे घरात. भाजी उरली की एक डबा ह्याच्या पोत्यात."

"हा जुलूम आहे!"

"आहेच. माठ खाताय, की देऊ हा बिस्किटाचा?"

मी डबा उचलला मात्र, ह्यांनी डोळे मिटून माठ गिळला. मग चवळई, अंबाडी, शेवग्याचा पाला. भाजी घेऊन खाडीकडच्या गावची एक बाई यायची. तिला ही हकीकत कळल्यापासून ती दारातूनच ओरडे, "काय दादा, आज कंचा डबा वाचवायचा?"

महिन्याभरात हे शेफारले. म्हणाले, "दोन वाट्या खाल्ल्या तर एक नवा डबा आणायची मुभा हवी." मी भाबडी. हो म्हणाले. मग काय विचारता! कोपरीतल्या गुरांना चारा पुरेना. एक म्हैस तर आमच्या खिडकीशी येऊन ह्यांच्याकडे रागाने बघत असे, देवाशपथ! हे बारीक होत गेले आणि घर फुगत गेलं. डाळ डब्यात, माझी लुगडी डब्यात, डबे डब्यात. भाजी निवडायला मी बसायचे तेही डब्यावरच.

पुढे पुन्हा दाखवायला गेलो. डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली, दोनदा ऐकली, आणि म्हणाले, "आता औषध नको. खाताय तेच खात राहा." परतताना हे असे झपाझप चालले की धाप मला लागली.

वाण्याच्या पायरीवर एक चकचकीत रिकामा डबा पडला होता. ह्यांनी तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"आज एकच वाटी झालीय," पुटपुटले.

"थांबा हो जरा," म्हणत मीच पायरी चढले. "शेटजी, हा डबा देता का? आणि झाकण असेल तर तेही शोधा की!"