बाबांचा गुडघा आणि मामांची सही

११ नोव्हेंबर २००७. भाऊबीज होती आणि मी सकाळपासून आईबाबांच्या घरी समोरच्या खोलीतला कापूस मागे लोटत होते. भाव पडलेला, म्हणून गावात कोणी विकायची घाई केली नव्हती. आमच्याकडेही ढीग आढ्याला टेकला होता. मामांचा पाट मांडायला जागा हवी होती आणि निरांजन कापसापासून लांब ठेवायचं होतं. मी आर्णीहून आदल्या दिवशी आले होते, ती सणासाठी नव्हे, मामांच्या सहीसाठी.

बाबा पासष्टच्या लढाईत होते. ट्रक उलटून त्यांचा डावा गुडघा चेचला. फौजेनं घरी पाठवताना अपंगत्वाची पेन्शन लावली आणि दोन वर्षांनी पुन्हा तपासणी होईल म्हणून सांगितलं. त्या तपासणीच्याच सुमारास बाबांचं लग्न ठरत होतं. आईच्या माहेरी एक रीत होती. मुलीचा भाऊ नवरदेवाला नांगरलेल्या वावरात नेई आणि ढेकळांवरून चालवून पाही. बैल घेताना पाहतात तसंच. बाबा दात आवळून सरळ चालले. मामांचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. ते तपासणीला लष्करी दवाखान्यातही बरोबर गेले आणि दारासमोरच्या बाकावर बसले. डॉक्टरांनी विचारलं, काही त्रास आहे का? दार उघडं होतं. बाबा म्हणाले, काही नाही. वर खोलीभर चालून दाखवलं. पेन्शन बंद झाली, लग्न झालं.

मला बाबांचाही राग होता. पुढची चाळीस वर्षं ते गप्प बसले. आता तो पाय पार कामातून गेला होता. परसात जायलासुद्धा आईच्या खांद्यावर भार टाकावा लागे, आणि आईही काही तरणी राहिली नव्हती. म्हणून मी यवतमाळला जाऊन माजी सैनिकांची कामं पाहणारं कार्यालय गाठलं. तिथला कारकून चहा ढवळत म्हणाला, "इतकी वर्षं झोपा काढल्या का?" मग फाईल पाहून त्यानं सांगितलं, नोंदीत पाय बरा झाला असं आहे. तो तेव्हाही बरा नव्हता, हे त्या काळी पाहिलेल्या माणसानं शपथेवर लिहून दिलं तरच पुन्हा तपासणीचा अर्ज पुढे जाईल. बायको-मुलांचं चालणार नाही. सोमवारपर्यंत आणा.

त्या काळी पाहिलेले आणि अजून हयात असलेले मला एकटे मामाच माहीत होते.

मामा दुपारी मामीला घेऊन आले. पाटावर बसले, टोपी नीट केली. आईनं ताट आणलं, पण वात लावली नाही.

"दादा, आधी पोरीचं ऐकून घे."

मी कागद पुढे केला आणि काय लिहायचं ते सांगितलं. मामा हसले.

"लंगड्याले बहीण देल्ली असं लिहून देऊ? साऱ्या गावात मिशीले पीळ देऊन सांगत आलो, भाटवा म्या ढेकळांवरून चालवून घेतला म्हणून."

"मिशी पिकली आता, मामा. करा सही."

"तुह्या बापाले विचार ना. डाक्टरपुढं मी बोललो होतो का?"

खाटेवरून बाबा म्हणाले, "अन् बाकावर बसून माही चाल कोण पाहून राह्यलं होतं?"

"मंग नाही म्हणाचं होतं लग्नाले!"

"तुमची बहीण पसंत होती."

आई लाजलीबिजली नाही. तिनं काडेपेटी पदराखाली घेतली आणि म्हणाली, "सही नाही त ओवाळणं नाही."

मामा पाटावरून उठले. भाऊबीजेला भाऊ ओवाळून न घेता उठला की नातं तुटलंच समजायचं. आईला हे ठाऊक होतं, मामांनाही. कोणी कोणाला थांबवलं नाही.

तेवढ्यात मामी बोलली. ती इतका वेळ चौकटीला टेकून उभी होती. "मी देतो अंगठा."

मामा वळले. "तुले काय माहीत?"

"लग्नात नवरदेवाचे पाय धुतले तवा पाणी मीच ओतलं होतं. तो गुडघा वाकत नव्हता. तुमाले त्याच दिवशी सांगतलं. तुमी म्हणे, तोंड उघडलं त माहेरी धाडीन."

म्हणजे मामांना लग्नाच्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी नाकारलंही नाही. चपला घालता घालता एवढंच म्हणाले, "अंगठा देल्ला त माह्या घरात पाय ठेवू नको."

"माहेरी आता कोणी उरलं नाही. धाडता कुठं?"

मामा फाटकाशी थोडे घुटमळले. मामी मागून येईल असं त्यांना वाटत असावं. ती आली नाही. दारव्ह्याची जीप आली तशी ते एकटेच चढून गेले.

आईनं ताट उचललं आणि मामीवरच घसरली. "वयनी, तुले ठाऊक होतं अन् इतके वर्ष बोलली नाही?"

"तुले ठाऊक नव्हतं का, बाई? एका घरात तूच राहत होती."

आई ताट घेऊन आत गेली. त्या दिवशी जेवताना मामीनं स्वतःच भाजी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामीला पहिल्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसवलं, कारण मागे तिची कंबर धरते. यवतमाळला शपथपत्र करून घेतलं. तिनं अंगठा उमटवला आणि शाई लुगड्याला पुसली. कारकुनानं विचारलं, "आजी, कोणाच्या धाकानं तर नाही ना सांगत?"

"धाक होता तवा नाही सांगतलं," मामी म्हणाली.

त्यानं मान वर न करता कागद फाईलला लावला. पुन्हा तपासणी होईल का, हे तो सांगेना. मी पोच घेतली, शिक्का नीट उमटलाय का ते पाहिलं, आणि मामीला घेऊन आर्णीच्या गाडीत बसले. माझ्या घरी एक खाट रिकामी होती.