पावणेदोन तासांचं अंतर

कंडक्टर काकांना किलोमीटरमध्ये सांगितलेलं अंतर चालत नसे. "किलोमीटर दगडावर लिहा. मानसाले घंटे सांगा," असं ते म्हणत. अकोला-अमरावती एसटीवर त्यांची अर्धी नोकरी गेली. मी अकोल्याच्या जुन्या शहरातून अमरावतीला शिकायला जायचो तो त्यांच्याच गाडीनं. पुढे अमरावतीतच नोकरी लागली आणि मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहू लागलो.

खोटं बोललेलं त्यांना खपत नसे. स्टँडवर बाकीचे "येतेच आता गाडी" म्हणून लोकांना झुलवत ठेवायचे. काका सरळ सांगत, "मुर्तिजापूरले पंचर होऊन पडली. दीड घंटा येत नाही. चहा पिऊन घ्या." लोक चिडायचे, पण विचारायला पुन्हा त्यांच्याकडेच यायचे.

काकू लवकर गेल्या. एकुलती एक नंदा नर्स होऊन बंगलोरला गेली. ती गेली त्या आठवड्यात काका वर आले आणि म्हणाले, "बाबू, मोबाइलात पाह्य बरं, नागपूरहून बंगलोर विमानाले किती लागते?"

"पावणेदोन तास, काका."

"बस, एवढंच? आमची अकोल्याची गाडी यापेक्षा जास्त घेते!" ते हसले. मग पायरीवरच बसले. "मंग हे पोट्टी काहून सांगते, लय दूर हाय म्हनून?"

नंदाला रजा मिळत नाही, हे त्यांना कळत होतं. तरी अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळावरून विमान सुरू झालं तेव्हा ते स्कूटरनं बघायला गेले. रात्री जेवताना म्हणाले, "मुंबईले जाते ते. आपल्या कामाचं नाही."

गेल्या हिवाळ्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यात मी जवळ होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नंदाचा निरोप आला, 'विमानात बसले.' मी तो वाचून दाखवला. थोड्या वेळानं दुसरा आला: नागपूरला दाट धुकं आहे, म्हणून बंगलोरलाच सगळ्यांना खाली उतरवलं, विमान कधी निघेल ते माहीत नाही. त्यांना जिवाला लागेल असं काही सांगू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"सुटलं का?" काकांनी विचारलं.

"सुटलं," मी म्हणालो.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळावर नजर लावली. पावणेदोन तासांनी म्हणाले, "उतरली असंल."

"हो, काका. गाडीत बसली."

मग ते डोळे मिटून नागपूर-अमरावती रस्त्यावरचं एकेक गाव घेऊ लागले. कोंढाळी. बऱ्याच वेळानं तळेगाव. मग तिवसा. मी प्रत्येक वेळी हो म्हणत गेलो. खिशातल्या मोबाइलवर नंदाचा निरोप होता, 'अजून इथंच आहे, दादा. बाबांना सांगा, मी येते.'

"मोझरी आली," ते म्हणाले. "अर्ध्या घंट्यात पोचते. मले जरा उठून बसव. असं पाह्यलं त घाबरंल पोट्टी."

मी पाठीशी उशी लावली, त्यांचे केस सारखे केले. ते दाराकडे बघत बसले आणि तसेच गेले.

नंदा संध्याकाळी पोचली. तोवर त्यांना घरी आणलं होतं. ती त्यांच्या पायांशी बसली. तिनं विचारलं, "दादा, विमान थांबलं हे बाबांले माहीत होतं?"

"नाही. मी सांगितलंच नाही. तू मोझरीपर्यंत आलीस असं त्यांना वाटत होतं."

तिनं त्यांचे पाय दोन्ही हातांत धरले.

"म्हनजे जवळच आली होती मी," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.