आबांचा पाहुणा आणि अक्कांचे बिबडे

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, रस्त्याने चालताना खाली म्हणून बघायचे नाहीत. मान कायम वर. पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीचे रस्ते कसे आहेत, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. आबा खड्ड्यात पाय मुरगाळून घेत, उभ्या स्कूटरला धडकत, आणि एकदा तर कोणाच्या तरी दारात वाळत घातलेल्या गव्हातून चपलांसकट चालत गेले. त्या बाईने आवाज चढवला, तर तिलाच म्हणाले, गव्हाचं राहू द्या ताई, वर बघा, शुक्र काय झकास दिसतोय. बाईंनी शुक्र बघितला नाही. आमच्या घरी येऊन माझ्यावर तोंडसुख घेतलं आणि अर्धी पायली गहू माझ्याकडून निवडून घेतले.

आबांची सगळी नोकरी धुळ्याला एका जिनिंग फॅक्टरीत फिटर म्हणून गेली. आकाशाकडे बघायला तिथे सवड नव्हती, ती सगळी त्यांनी निवृत्तीनंतर भरून काढली. मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, नवा मोबाइल घेऊन दिला आणि आबा कामातून गेले. दिवसभर फुल आवाजात उल्कांचे व्हिडिओ. कुठल्याशा उल्केत म्हणे आपल्या शरीरात असतात तसलीच द्रव्यं सापडली, म्हणजे पृथ्वीवरचा पहिला जीव उल्केत बसूनच खाली आला असणार. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. मी म्हणायचे, आबा, असं काही जणांना वाटतं, पण सिद्ध झालेलं नाही. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "बठ्ठं वरतून येल शे, माय." म्हणजे सगळंच वरून आलेलं, पाणी वरून, लोखंड वरून, जीव वरून. भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही ते त्याला समजावत, "भांडस कसाले भाऊ, आपन बठ्ठा पाव्हना शेतस." भाजीवाला पाहुण्यांना एक रुपया सोडत नसे.

मग तो दगड आला. आबा गावी लग्नाला गेले होते. रात्री मांडवाबाहेर त्यांना आकाशातून काहीतरी सर्रकन जाताना दिसलं, आणि सकाळी कपाशीच्या वावरात एक काळा, जड, खालून चपटा दगड सापडला. आपल्या खान्देशात काळ्या दगडांना काय तोटा? जिथे हात घालाल तिथे काळा दगड. पण आबांनी तोच उचलला, उपरण्यात गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. वाटेत एक लेकुरवाळी बाई चढली. आबांनी उठून तिला जागा दिली, पण दगड सीटवरच ठेवला आणि तिला बजावलं, पाहुणा लांबून आलाय, धक्का लावू नका. ती बिचारी पोराला घेऊन अर्ध्या सीटवर अंग चोरून बसली.

जिन्यावरच्या खोलीत स्वच्छ रुमालावर दगडाची स्थापना झाली. कोणी हात लावायचा नाही, हा पहिला नियम, आणि तो माझ्यामुळेच झाला. मी एकदा बोलून गेले होते की असल्या दगडाला माणसाचा हात लागला की माणसाचे जंतू चिकटतात, मग आकाशातले कोणते आणि पिंप्राळ्यातले कोणते ते कसं कळणार? आबांना ते इतकं पटलं, की माझ्या प्रयोगशाळेतले हातमोजे मागून घेतले. मोजे घालून ते दगडासमोर बसत, भिंगातून बघत आणि खाली येऊन हळूच सांगत, "त्यामा जीव शे." अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी थापता थापता विचारत, त्या जीवाला जेवायला वाढायचं का? आबा त्या दिवशी त्यांच्याशी बोलत नसत.

शेवटी माझ्या मागेच लागले, तपासून आण. मी टाळून टाळून दमले आणि दगड डब्यात घालून माझ्या कॉलेजच्या जुन्या सरांकडे नेला. सर म्हणाले, उल्का आहे का ते कळायला कापावा लागेल. सोबत आलेले आबा म्हणाले, पाहुण्याला कापत नाहीत. मग सरांनी भेगांमधलं थोडंसं खरवडून काचेच्या बशीत वाढवायला ठेवलं, दगड परत दिला आणि काही दिवसांनी मला फोन केला. आबांनी तो हातातून ओढून कानाला लावला. सर म्हणाले, "यात जीव आहे बरं का." पुढचं ऐकायला आबा थांबलेच नाहीत. फोन माझ्या मांडीवर टाकून ते जिलेबी आणायला पळाले.

पुढचं मी ऐकलं. सर हसत होते. म्हणाले, अगं, घरात काही आंबवता का? हे इडलीच्या पिठात असतात तसले जीव आहेत, आणि एका भेगेत तीळ सापडला.

तीळ म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली. तेव्हा आमच्याकडे बिबड्यांचे दिवस चालू होते. ज्वारी भिजवून, आंबवून, दळून, लसूण, तीळ, मिरची घालून तिचा दाट घाटा शिजवायचा आणि गच्चीवर ओल्या धोतरावर पापडासारखा थापायचा. उन्हाळ्यातलं आमचं वारं म्हणजे धोतरासकट बिबडे शेजारच्या गच्चीवर नेऊन सोडणारं. मी विचारलं तशा अक्का सापडल्या, आणि जराही लाजल्या नाहीत. आबा सकाळी फिरायला गेले, की त्या पाहुण्याला गच्चीवर नेत, घाट्याच्या हातांनी धोतराच्या कोपऱ्यावर ठेवत, आणि आबा यायच्या आत पदराने पुसून रुमालावर बसवत. एवढा चांगला दाब अख्ख्या कॉलनीत नाही, असं वर मलाच सांगितलं.

मला हसू आवरेना, आणि मग हसू पळालं. कारण दुसऱ्याच दिवशी आमच्या शाळेच्या उन्हाळी शिबिरात आबा मुलांशी बोलणार होते. मोठ्या बाईंना गळ घालून मीच ते ठरवलं होतं. आता ते मुलांना सांगणार, आकाशातला जीव सापडला, आणि मी जीवशास्त्राची बाई खुर्चीत बसून टाळ्या वाजवणार? सांगावं, तर इकडे कॉलनीभर जिलेबी वाटून झालेली. या घरात राहायला आल्यापासून इतकं खूश मी त्यांना पाहिलंच नव्हतं. मी दोनदा वर गेले. एकदा ते पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते, एकदा आरशासमोर शुद्ध मराठीत भाषण म्हणत होते. दोन्ही वेळा मी चहा हवा का विचारून खाली आले.

सांगितलं अक्कांनीच. जेवताना, भाकरी वाढता वाढता, सगळं. आबा ताटावरून उठले. वर गेले आणि दार लावून घेतलं. अक्काही जेवल्या नाहीत.

सकाळी आबा इस्त्रीच्या शर्टात तयार होते. मी म्हटलं, नाही गेलं तरी चालेल. ते दगडाचा डबा घेऊन माझ्या स्कूटरवर मागे बसले. शाळेत आबांनी डबा उघडला, दगड वर धरला आणि घसा खाकरला.

"मुलांनो, या दगडात जीव सापडला. तो आमच्या घरच्या बिबड्यांचा निघाला." मुलं हसली. आबा थांबले, त्यांना हसू दिलं, आणि मग शुद्ध मराठी सुटली. "मी रुसनू व्हतू रातले. मंग इचार कया, पाव्हना इतला लांबथून ऊना, आमनी बाईनी त्याले उपाशी ठेवं नही. यामा तिनं काय चुकनं?"

मग त्यांनी मुलांना नीट सांगितलं, की जो हात लावतो तो आपला थोडा जीव दगडावर ठेवून जातो, म्हणून वरच्या जीवाचा पुरावा मिळणं इतकं अवघड असतं. हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवते, पण पोरांना ते त्या दिवशी कळलं. घरी आल्यावर आबांनी मोजे मला परत केले. त्या दिवसापासून अक्कांच्या बिबड्यांसाठी दगड स्वतःच्या हातांनी गच्चीवर नेऊ लागले, आणि वारा सुटला की त्याच्यावर तळवा दाबून वर बघत बसत. अक्का म्हणत, आता दोन्ही दगड कामाला लागले.

आबा गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. उन्हाळा लागला, अक्कांनी ज्वारी भिजत घातली. गच्चीवर धोतराचा कोपरा उडायला लागला, तशी मी जाऊन दगड घेऊन आले. धूळ बसली होती. मी पदर ओला करून पुसायला घेतला, तर अक्का घाट्याचं पातेलं सोडून उठल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"पुसू नको वं," त्या म्हणाल्या, "त्यामा जीव शे."

मी दगड होता तसा रुमालावर नेऊन ठेवला. जिन्यात मला रडू फुटलं. डोळे पुसले आणि धोतरावर ठेवायला अंगणातून विटा आणल्या.