आणखी दहा वर्षं

कोरियातल्या तेजॉन शहराच्या जुन्या बाजारात ब्योन सांगगूचं शिक्के कोरायचं दुकान होतं. बँकेत खातं काढा, घर विका, लग्न नोंदवा, सहीपेक्षा शिक्का मोठा. बोटाच्या पेराएवढ्या लाकडावर माणसाचं नाव उलटं कोरण्यात सांगगूचा हात धरणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं. त्याचा त्याला माज होता, आणि तो शोभायचाही.

चाळिशीच्या आतच त्याला कडेकडेचं दिसेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा झिजतोय, हळूहळू सगळंच जाईल, औषध नाही. बायको ओकहुई रडत बसली नाही, चौकशी करून आली. मालिशचा धंदा कोरियात कायद्याने फक्त अंधांनाच करता येतो, आणि तो शिकवणारी अंधशाळा शहरातच होती. थोडं दिसतंय तोवर शिकून घ्या, ती म्हणाली. सांगगूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मी नावं कोरतो. लोकांच्या पोटऱ्या रगडायला जन्मलो नाही."

त्याच महिन्यात वाचनालयात प्रोफेसर थाक यांचं व्याख्यान झालं. नवं संशोधन, सामान्यांसाठी, सोप्या भाषेत. माणूस बोलायचा झकास. डोळा म्हणजे घर समजा, ते म्हणाले; तारा शाबूत आहेत, फक्त दिवा गेलाय, आणि आम्ही दिवा बदलायला शिकलोय. मग पडद्यावर एक आंधळा उंदीर उजेडाकडे वळला. टाळ्या पडल्या. माणसांना कधी, असं कुणीतरी विचारलं. सगळं सुरळीत झालं तर दहा वर्षांत, प्रोफेसर म्हणाले. त्यातलं 'सगळं सुरळीत झालं तर' सांगगूच्या कानात शिरलंच नाही. दहा वर्षं काय, कशीही काढू, असं ठरवून तो घरी आला आणि अंधशाळेचं नाव घरात काढायची बंदी झाली.

दर शरदात व्याख्यान, दर शरदात नवा शोध. उंदीर झाला, ससा झाला, माकड झालं. माणसाचा नंबर काही लागेना. दहा वर्षं मात्र जागची हलली नाहीत, वाण्याच्या दुकानातल्या 'आज रोख, उद्या उधार' या पाटीसारखी. प्रोफेसर खोटं बोलत नव्हते, हेच वाईट. लबाड असते तर शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास होता, आणि त्या विश्वासाचा भुर्दंड त्यांच्या घरात कुणाला पडत नव्हता.

तो ओकहुईला पडला. सांगगूच्या हातून नावं चुकायला लागली, गिऱ्हाईक तुटलं, दुकान गेलं. ती सार्वजनिक न्हाणीघरात बायकांची अंगं घासायच्या कामाला लागली. नवऱ्याला ज्याची लाज वाटली तेच तिने वर्षानुवर्षं केलं, परक्या पाठी घासल्या, परक्या पोटऱ्या रगडल्या. तिची दोन्ही मनगटं कामातून गेली. सांगगूला आता दिवस की रात्र एवढंच कळतं, तरी व्याख्यान त्याने चुकवलं नाही.

यंदाही ओकहुईने त्याला धरून पहिल्या रांगेत नेलं. प्रोफेसरांचे केस पार पांढरे झालेत, तिने सांगितलं. शेजारी एक तरुण बेकरीवाला होता, नाव ग्योंगसोक. त्याला तोच आजार नुकताच निघाला होता. प्रोफेसरांनी दहा वर्षं म्हटल्याबरोबर त्याने सांगगूचा हात घट्ट दाबला.

"ऐकलंत ना, काका?"

सांगगूने त्याच्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "अंधशाळेत नाव घाल. मालिश शिकून घे. थोडं दिसतंय तोवर."

ग्योंगसोकने हात काढून घेतला. "मी पाव भाजतो, काका. लोकांचे पाय चेपायची वेळ नाही आली माझ्यावर."

पलीकडे ओकहुई हसली. ते हसणं इतकं कडू होतं की पोरगा उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसला.

घरी आल्यावर सातूच्या चहाची किटली तिच्या हातून निसटली. सांगगू चाचपडत जवळ गेला. तिचं मनगट त्याने मांडीवर घेतलं आणि अंगठ्याने दाबायला लागला. शिक्के कोरणारा अंगठा, जोर अजून होता. ओकहुईने थोडा वेळ सोसलं, मग हात ओढून घेतला.

"राहू द्या, दुखतंय," ती म्हणाली. "हे शिकावं लागतं."